घडी घालण्याची शिक्षा

(लॉन्ड्रीची मागची खोली. तरुण मालक आणि त्याची आई, इस्त्री झालेल्या चादरींच्या ढिगाजवळ.)

मुलगा : आज त्या इस्त्रीमास्तरला काढूनच टाकतो. माझं ठरलंय.

आई : ठरव, पण टोकं धरून ठरव. चादर जमिनीला लागतेय.

मुलगा : मालक मी, आणि घड्या पण मीच घालू?

आई : हॉटेलच्या चादरी आहेत, एकटीच्या हाताला येत नाहीत. ताण जरा. पाहुण्यासारखी काय धरलीस?

मुलगा : महिनाभर रोज उशीर. बरं, शिक्षा पण रोज देतोय. इस्त्री सोडा आणि जेवणापर्यंत इथे येऊन घड्या घाला. लॉन्ड्रीतलं सगळ्यात कंटाळवाणं काम. तरी फरक नाही.

आई : आधीही रोज उशिरा यायचे?

मुलगा : आधी कधीतरी. पहिली शिक्षा दिली आणि मग रोजचंच सुरू झालं.

आई : मग ती शिक्षा कशी?

मुलगा : म्हणजे काय? शिक्षा ती शिक्षा.

आई : लहानपणी दूध सांडलंस की मी तुला माळ्यावर बसवायचे. तू रोज सांडायला लागलास.

मुलगा : माळ्यावर मांजरीची पिल्लं होती.

आई : ते मला फार उशिरा कळलं. तोवर मी तुला दूध सांडायचं बक्षीस देत होते. शिक्षा आहे की नाही, हे देणाऱ्यानं ठरवायचं नसतं बाबा. समोरचा उद्या काय करतो ते बघायचं. तेच परत करायला लागला, आणि जास्त करायला लागला, की समजायचं, आपण त्याला खाऊ दिलाय.

मुलगा : मग ओरडतो. बाकीच्यांवर ओरडतो तर ते बरोबर सुधारलेत.

आई : सुधारलेत? बॉयलरच्या मागे जाऊन बघ. करपलेल्या चादरींची चळत लागलीय. तू ओरडतोस म्हणून चादरी करपायच्या थांबल्या नाहीत, तुला दिसायच्या थांबल्या.

मुलगा : बॉयलरच्या मागे?

आई : आणि खरं सांगू? तू ओरडलास की सगळे दोन मिनिटं गप्प होतात. तेवढ्यानं तुला गार वाटतं. म्हणून दुसऱ्या दिवशी परत ओरडतोस. त्यांची सवय मोडायला गेलास आणि स्वतःच एक लावून घेतलीस. आता चालत ये. टोकं दे माझ्या हातात.

मुलगा : घे.

आई : अशी नाही. बोटांवर बोटं ठेवून द्यायची, नाहीतर कड सुटते. हां.

मुलगा : मास्तर असंच देतो?

आई : देतो काय? वयानं मोठे आहेत तुझ्याहून.

मुलगा : बरं. देतात?

आई : त्यांची कड सुटत नाही. दुसरी घे.

मुलगा : वेळेवर यायला काय धाड भरते यांना?

आई : वेळेवर यायचे तेव्हा तू मान वर करून बघितलंस कधी?

मुलगा : वेळेवर यायचा पगार मिळतो. त्यात बघायचं काय?

आई : उशिरा आले की मालक स्वतः दारापर्यंत येतो आणि इकडे पाठवतो. वेळेवर आले तर गरम इस्त्री आणि समोर भिंत. तू काय केलं असतंस?

मुलगा : आणि त्यांच्या जागी इस्त्रीला कोण उभं राहतं? मी. दुपारपर्यंत घामानं निथळतो. शिक्षा चाललीय तरी कोणाला?

आई : हेच मी तुला विचारणार होते.

मुलगा : थांब. म्हणजे त्यांना चादरी आवडतात?

आई : चादरी कोणाला आवडतात रे?

मुलगा : मग काय आवडतं?

आई : ताण सोडू नकोस.

मुलगा : आई. इकडे बघ.

आई : माझ्यामागे भिंतीत खिळा आहे, दिसतो?

मुलगा : तो? तो तर कायमच आहे.

आई : कायमचा नाही. तुझे बाबा गेले तेव्हा मी ठोकला. दोन टोकं खिळ्यात अडकवायची, दोन आपण धरायची. इतकी वर्षं त्या खिळ्याबरोबर घड्या घातल्या मी. खिळ्याची तक्रार नाही, ओढ सोसतो. पण विनोद सांगत नाही.

मुलगा : मास्तर विनोद सांगतात? माझ्यासमोर तर तोंड उघडत नाहीत.

आई : अगदी भिकार असतात. मी तरी हसते.

मुलगा : म्हणजे उशिरा यायला तूच शिकवलंस त्यांना.

आई : मी नुसती हसले. पाठवलंस तू.

मुलगा : हल्ली गुणगुणत घरी येतेस. मला वाटलं, गुडघा बरा झाला.

आई : गुडघा तसाच आहे.

मुलगा : पण आई, या वयात... लोक काय म्हणतील?

आई : माझं वय मला तोंडपाठ आहे, एकेक वर्ष मी काढलंय. लोकांना म्हणावं, एक दिवस येऊन टोकं धरा. कोणी आलं नाही. तू आज आलास, तोही भांडायला. काढून टाकायचं तर टाक त्यांना, लॉन्ड्री तुझी आहे. पण शिक्षा कोणाला होईल ते नीट बघून टाक.

मुलगा : ...कड सुटली माझी. परत धरू?

आई : धर.

मास्तर : येऊ का? मालक, आजही उशीर झाला, चुकलंच. निघालोच होतो इकडे घड्यांसाठी. अरे, तुम्हीच?

मुलगा : मास्तर, शिक्षा बदललीय. आजपासून जो उशिरा येईल तो सरळ इस्त्रीवर.

मास्तर : इस्त्रीवर. बरं. आणि या चादरी?

मुलगा : सगळ्यांच्या आधी जो येईल त्याला.

मास्तर : कोणीही आला तरी?

मुलगा : कोणीही.

मास्तर : हं. मालक, आपली लॉन्ड्री उघडते कितीला?

मुलगा : एवढी वर्षं इथे काम करताय आणि आज विचारताय? आठला.

मास्तर : मग मी साडेसातपासून दारात उभा राहतो.

आई : दारात कशाला? सातला या. किल्ली माझ्याकडे असते.