मागे पुढे होतं

(तंजावूर. राजवाड्यामागच्या गल्लीत जीप आणि तिला जोडलेली चार चाकांची घरगाडी. पुतण्या मुरलीनं ती आत्ताच टायरवाल्या अरुळकडून आणली आहे. सांबशिव चाकापाशी उकिडवे बसलेत, बायको नागलक्ष्मी तिण्णैवर, दारासमोरच्या ओट्यावर.)

मुरली : नाही काका, तो पुढचंच म्हणाला. मी परत विचारलं, तर परत पुढचंच म्हणाला.

सांबशिव : पुढच्याला काय धाड भरलीय? पुढची दोन्ही बघ, नव्यासारखी. झिजलंय ते हे मागचं डावं. आतली कड बघ. हात लाव.

मुरली : लावला. असा फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवत.

सांबशिव : मग? झिजलंय मागचं आणि तुझ्या अरुळनं सरळ केला पुढचा ॲक्सल. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरकडे जावं आणि त्यानं दात काढून द्यावा.

नागलक्ष्मी : केला ना सरळ? मग झालं. उन्हातनं उठा. कापी गार होतेय.

सांबशिव : होऊ दे. उद्या ह्याच चाकांवर तुला मदुरैला न्यायचंय, नागू. आज ह्यानं गाडी उलटी लावली, डावी बाजू रस्त्याकडे आली, म्हणून दिसलं तरी. एरवी भिंतीकडे असते ती.

मुरली : स्टेपनी आहे की. वाटेत फुटलं तर बदलू.

सांबशिव : फुटलं तर गाडी आडवी जाते, मुरली. आणि नेमकी हिची पोटातलं पाणी बदलायची वेळ झालेली असली तर? पुदुक्कोट्टैच्या पुढे त्या माळावर मी स्वच्छ बंद खोली कुठून आणू?

नागलक्ष्मी : खोली नको शोधायला म्हणूनच तर ही चाकांवर घेतली. किडन्या गेल्यापासून दिवसातनं चारदा पोटाला पिशव्या लावायच्या. लॉजमध्ये भीती, लोकांच्या घरी संकोच. दोन वर्षं झाली, मी दवाखाना सोडून कुठे गेलेली नाही. तिकडे मदुरैला माझी अक्का पलंगावरनं उठत नाही.

मुरली : खरंय काका. काल काकीच्या अक्कानं, वेंकूमावशीनं, मलाच फोन केला. कोण बोलतंय ते तिला कळलं नाही, पण विचारलं एवढंच, नागू निघाली का.

सांबशिव : मग जाऊ ना. नाही कोण म्हणतंय? हे नीट झालं की पुढेमागे...

नागलक्ष्मी : अक्काकडे पुढे काही उरलेलं नाही. जे काय आहे ते मागेच.

सांबशिव : बरं, बोलू नकोस अशी. मुरली, टेप धर. जीपला अडकवायच्या हुकापासून पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यापर्यंत.

मुरली : धरला.

सांबशिव : आता उजव्यापर्यंत.

मुरली : तेवढंच. केसाचा फरक नाही.

सांबशिव : मागची दोन?

मुरली : तीही सारखीच.

सांबशिव : म्हणजे चारी चाकं सरळ. मग हे टायर खाल्लं कशानं?

मुरली : अरुळ म्हणाला, दोन जोड्या असल्या की वळताना चाकं थोडी फरफटतातच.

सांबशिव : मग चारी झिजली असती. एकटंच का? आणि एकाच कडेला का? काही कळत नाही बघ. नीट आठव, काय म्हणाला तो?

मुरली : तिथे हवेचं मशीन चालू होतं. टायरवर हात ठेवून म्हणाला, पुढे, पुढे.

सांबशिव : पुढे पुढे म्हणजे किती पुढे? दोनच ओळी आहेत चाकांच्या. त्याच्या पुढे जीप.

नागलक्ष्मी : जाऊ द्या हो. तो त्याच्या कामातला आहे.

सांबशिव : असेल. पण हे मागचं आहे, हे तर मला दिसतंय? टेपला सरळ लागतंय, म्हणजे मागचा ॲक्सल मधे वाकलाय. सामान भरलं की चाक कलतं, रिकाम्या गाडीत दिसत नाही. लाव त्याला फोन. सांग, मागचा काढून ठेव, तिरुच्चीला पाठवून दाबून आणू.

मुरली : मग उद्याचं?

सांबशिव : उद्या कसलं आता. आठवडा जाईल.

मुरली : सरी. लावतो.

नागलक्ष्मी : ठेव तो फोन.

मुरली : रिंग जातेय, काकी.

नागलक्ष्मी : ठेव म्हटलं ना. मागच्या ॲक्सलला काही झालेलं नाही. ते टायर पुढचं आहे.

सांबशिव : कुठलं?

नागलक्ष्मी : तुम्ही हात ठेवलाय ते.

सांबशिव : हे मागचं आहे, नागू.

नागलक्ष्मी : आता मागे आहे. मागे पुढे होतं.

मुरली : थांब काकी. मागे, की पुढे?

नागलक्ष्मी : तुम्ही दोघं कुंभकोणपर्यंत गाडी ओढून बघून आलात ना, तेव्हा पुढचं डावं झिजलेलं मी पाहिलं. हे जेवून झोपले होते. अरुळला बोलावलं, पुढचं मागे लावून घेतलं आणि मागचं पुढे. कुणाला सांगू नको म्हटलं. त्यानंतर आजपर्यंत गाडी हललीच नाही.

सांबशिव : का पण?

नागलक्ष्मी : पुढे राहिलं असतं तर जीप अडकवताना, सोडवताना रोज तुमच्या डोळ्यांसमोर. मागे, भिंतीच्या सांदीत कोण वाकून बघतंय? तुम्ही बघितलं असतं की म्हणाला असता, नको जाऊया.

सांबशिव : म्हणालो असतो.

मुरली : अय्यो. म्हणून तो तसं म्हणाला. ‘मुन्नाडि मुन्नाडि इरुंददु.’ एक मुन्नाडि म्हणजे पुढे, दुसरं म्हणजे आधी. आधी हे पुढे होतं. मी दोन्ही मुन्नाडींचं पुढेच केलं.

सांबशिव : म्हणजे पुढचा ॲक्सल सरळ केला ते बरोबरच.

मुरली : हो. त्याचे नट ढिले होते, एक टोक सरकलं होतं. चाक तिरकं धावत होतं. हे मी सांगणारच होतो, तुम्ही दातावर गेलात.

सांबशिव : आणि नागू, वाटेत ते फुटलं असतं तर?

नागलक्ष्मी : तेच मनात यायला लागलं. गप्प राहवेना. म्हणून मीच मुरलीला म्हटलं, निघण्याआधी एकदा दाखवून आण.

सांबशिव : मुरली, जॅक काढ. हे उतरव आणि स्टेपनी चढव. स्टेपनीच्या जागी अरुळकडनं नवीन आण.

मुरली : म्हणजे उद्या निघायचं?

सांबशिव : उजाडल्यावर. दर थांब्याला मी चारी चाकांना हात लावून बघणार, तापलं का ते. कुणी घाई करायची नाही.

नागलक्ष्मी : नाही करत.

सांबशिव : आणि अक्कांना कळव. म्हणावं, येतोय.

नागलक्ष्मी : तिला ठाऊक आहे.

सांबशिव : कधी सांगितलंस?

नागलक्ष्मी : ते चाक मागे लावून घेतलं, त्याच दुपारी.