पंप लहान नव्हताच

हॅलो?… हॅलो, ताई?… अगं मोठ्याने बोल, काही ऐकू येत नाही… पंखे चालू आहेत इथे. गाडीच्या तोंडासमोर लावलेत, इंजिन गार राहायला… थांब, शेडच्या बाहेर येते… हं, आता बोल.

नाही गं, रडत नाहीये.

…बरं, रडतेय. पण तसलं नाही. अगं ताई, टिकली! गाडी टिकली!… टिकली म्हणजे टिकली. फुटली नाही, जळली नाही, धूर नाही, काही नाही. तीनदा पळवली, पूर्ण जोरात, तिन्ही वेळा टिकली.

सातशे बारा!… ताकद गं. सातशे बारा हॉर्सपॉवर… म्हणजे? म्हणजे खूप. तुझ्या गाडीसारख्या दहा गाड्या एकत्र बांध आणि मग हिच्याशी रस्सीखेच लाव… हो, एवढी.

नाही, रस्त्यावर नाही पळवली, वेडी आहेस का? रोलरवर. गाडी जागच्या जागी उभी, चाकं रोलरवर फिरतात आणि मशीन ताकद मोजतं. तुला मागच्या वेळी फोटो पाठवला होता… हो हो, तोच, ज्यात बाबा कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे आहेत. तोच. त्या फोटोनंतर पाच मिनिटांत पिस्टनला भोक पडलं होतं.

बाबा काय करतायत?… खिडकीत?… पेपर वाचतायत की नुसताच धरलाय?… जेवले तरी का?… अर्धी पोळी! आठ महिने झाले, माणूस अर्ध्या पोळीवर आलाय.

नको! त्यांना इतक्यात सांगू नकोस. आधी तू ऐक… अगं ऐक ना… हो, आनंदाचीच बातमी आहे. पण तिला एक शेपूट आहे. ते आधी तुला सांगते, मग ठरवू बाबांना कसं सांगायचं ते. तू मोठी आहेस, तुला जमतं असलं.

तर बघ. पंप लहान नव्हताच… पेट्रोलचा पंप गं, टाकीतून इंजिनकडे पेट्रोल ढकलतो तो. आठ महिने सगळं गाव काय म्हणत होतं? म्हाताऱ्याने पंप लहान बसवला, म्हाताऱ्याचा अंदाज चुकला, आता हात राहिला नाही. चुकला नव्हता! एका थेंबानेही चुकला नव्हता!

हो, सांगते ना. साध्या भाषेत सांगते. टर्बो काय करतो, इंजिनात हवा कोंबतो. जितकी हवा जास्त, तितकं पेट्रोल जास्त लागतं. पेट्रोल कमी पडलं की आत नुसती भट्टी पेटते, पिस्टन वितळतो… अॅल्युमिनियमचा असतो बाई, वितळणार नाही तर काय! मागच्या वेळी तेच झालं. डॉक्टरांनी जोरात दाबली, हवा आली, पेट्रोल आलं नाही… दातांचे डॉक्टर गं, गाडी त्यांचीच ना. दिवसभर लोकांचे दात उपटतात आणि सुट्टीच्या दिवशी हे असलं.

मग सगळ्यांनी बोट कुणाकडे दाखवलं? पेट्रोलचं सगळं काम बाबांचं, म्हणून बाबांकडे. ती मागची छोटी टाकी त्यांनी हाताने वेल्डिंग करून बनवलेली. वळणावर पेट्रोल एका बाजूला पळतं ना, तेव्हा पंप कोरडा पडू नये म्हणून. पाइप त्यांनी कापलेले, पंप त्यांनी निवडलेला. डॉक्टरांना म्हणाले होते, हा सातशेला पुरेल. आणि पाचशेलाच इंजिन गेलं.

दोन दिवस बाबा चूक शोधत होते, तिसऱ्या दिवशी काय झालं ते तुला माहितीये ना? कुणीतरी मागून म्हणालं, "आता म्हाताऱ्याला घरी बसवा." बाबांनी ऐकलं. पाना ठेवला, हात धुतले, रुमालाला पुसले आणि निघाले. मला वाटलं चहाला गेले.

…हो. तू नको रडू आता, एका घरात एकच पुरे.

बरं, पुढे ऐक. इंजिन नवीन बांधलं. डॉक्टर म्हणाले, या वेळी धोका नको, आणि दुप्पट मोठा पंप घेऊन आले. मी म्हटलं लावू. परवा लावला, गाडी सुरू केली, थोडा जोर वाढवला आणि काय झालं असेल?… नाही!… नाही गं, पेट्रोलचं प्रेशर आणखीच खाली! दुप्पट पंप आणि प्रेशर कमी. रोलरवाला डोकं खाजवायला लागला. म्हणतो, याहून मोठा पंप मागवा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

माझ्या डोक्यात तिथे प्रकाश पडला. तुला आठवतं, आपल्या घराची पाण्याची मोटर? घरातले दिवे मंद झाले की ती कण्हत कण्हत चालायची, वर पाणीच चढायचं नाही… बरोब्बर! तेव्हा आपण मोटर बदलली का? नाही. मोटरचा दोषच नव्हता. तिला वीजच पुरत नव्हती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग मी मीटर घेतलं. बॅटरीवर लावलं, चौदा व्होल्ट. गाडीच्या मागे गेले, पंपावर लावलं, दहा! चार व्होल्ट वाटेतच गडप!… वायर, ताई, वायर. बॅटरी पुढे, पंप मागे, आणि मधे ही करदोड्याएवढी बारीक वायर. कंपनीच्या साध्या पंपासाठी टाकलेली. हळू चालवताना कळतच नाही, सगळं झकास. जोर लावला की पंप जास्त वीज मागतो, बारीक वायर तापते आणि पंप हळू होतो. मोठा पंप लावला तर आणखी जास्त मागतो, आणखी हळू होतो. म्हणजे जितका मोठा पंप तितकी मोठी फजिती!

हो ना! आणि चोर सोडून संन्याशाला फाशी!

मग मी काय केलं माहितीये? दुप्पट पंप काढला आणि कपाटातून बाबांचा जुना पंप आणून बसवला. तोच! तीच टाकी, तेच पाइप, बाबांच्या कामात मी काहीच बदललं नाही. फक्त जाड वायर टाकली, बॅटरीपासून थेट मागे. डॉक्टर म्हणाले, "अगं, हाच ना तो?" मी म्हटलं, हाच तो, गप्प बसा आणि बघा. माझी पाचावर धारण बसली होती, पण तोंडावर दाखवलं नाही. आणि प्रेशरचा काटा, ताई… हलला नाही. खिळ्याने ठोकल्यासारखा. सहाशे झाले, साडेसहाशे झाले, सातशे झाले, सातशे बारा! बाबा सातशे म्हणाले होते. वरचे बारा त्यांनी डॉक्टरांना बक्षीस दिले समज.

हो!… हो गं!… अगं सगळे टाळ्या वाजवत होते. डॉक्टर तर म्हणतायत, आता चौथी फेरीही मारू. तो मागून बोलणाराही होता तिथे. त्याने सर्वांत मोठ्याने वाजवल्या, मेल्याने.

…काय?

…हो. ते शेपूट. तेच सांगायचं होतं.

वायर… ती बारीक वायर कुणी ठेवली होती विचारतेस ना?

मी.

…ताई?… आहेस ना?

हो, मीच. मागच्या वेळी पेट्रोलचं सगळं बाबांचं आणि वायरिंग तेवढं माझं. बाबा म्हणाले होते, नवी जाड वायर ओढ. दुसऱ्या दिवशी चाचणी होती. वायर ओढायची म्हणजे सगळ्या सीट काढा, गालिचा उचला. मी जुनीच जोडली. चालू करून बघितलं, पंप फिरत होता, म्हटलं झालं. सांगायला विसरले बाबांना…

नाही. विसरले नव्हते. वाटलं, काय होतंय!

बोल. बोल तू… हो… हो, माझं चुकलं… नाही, आठ महिने माहीत असून गप्प नव्हते, शपथेवर सांगते! परवा मीटर हातात धरलं तेव्हा कळलं. तिथेच गाडीमागे बसकण मारली मी. कारण ताई, इंजिन गेल्यावर बाबांनी सगळं तपासलं होतं, आठवतं? दोन दिवस. पंप उघडला, पाइपात फुंकर मारून बघितली, टाकीत दिवा घालून बघितलं. सगळं बघितलं, वायर सोडून. कारण वायरचं काम माझं होतं.

…हं.

थांब, नाक पुसते.

नाही, लपवलं नाही. लपवायचं म्हटलं तर सोपं होतं गं, कुणाला कळणार होतं? पण डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग ही बारीक वायर ठेवली कुणी?" सहा-सात मेकॅनिक उभे. रोलरवाला उभा. मी म्हटलं, मी. बाबांनी जाड टाक म्हणून सांगितलं होतं, मी टाकली नाही. इंजिन माझ्यामुळे गेलं… हो, असंच म्हटलं. स्पष्ट.

डॉक्टर? आधी ती बारीक वायर बोटात धरून उलटसुलट बघितली. मला वाटलं, गेलं काम हातचं. मग म्हणाले, "आमच्यात चुकीचा दात काढला तरी कुणी असं सांगत नाही." आणि म्हणाले, पुढच्या शर्यतीचं कामही तूच करायचं, पण वायर तुझ्या वडिलांना दाखवून. हो ना! मी तर हसावं की रडावं!

आता प्रश्न बाबांचा. त्यांना कसं सांगू? तू असं कर, संध्याकाळी त्यांचा मूड बघून…

काय?

मागे उभे आहेत? कधीपासून?

…ताई. तू फोन स्पीकरवर ठेवलायस?

अगं, पहिल्यापासून! लाज नाही वाटत? मी इथे… सगळं ऐकलं? करदोडासुद्धा?

नको, नको देऊस… दे. दे, दे.

…बाबा?

बाबा, मी… ऐकलंत ना तुम्ही सगळं?

…

बाबा, काहीतरी बोला. रागवा, पण बोला.

…

काय?… कितीची वायर? जाड आहे बाबा, माझ्या करंगळीएवढी. पंपाला लागते त्याच्या दुप्पट… तांब्याची, हो, पूर्ण तांब्याची. स्वतः सोलून बघितली.

उजव्या बाजूने नेली. नाही, सायलेन्सरच्या बाजूने नाही, तेवढं कळतं मला… बरं, मागच्या वेळी कळलं नव्हतं, मान्य. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबर घातलंय, घासणार नाही.

फ्यूज? घातलाय की. मोठाच घातलाय.

…कुठे म्हणजे? मागे. पंपाजवळ. पंपाच्या स्विचच्या डबीतच बसवला, दिसायला नीट…

…

अगं बाई.

बाबा, पुढून मागेपर्यंत सगळी वायर… हो. हो, बॅटरीपासून फ्यूजपर्यंत मधे काहीच नाही. मधे कुठे सोलली, पत्र्याला लागली तर… आग. पेट्रोलच्या टाकीशेजारी आग.

थांबा, थांबा, धरा फोन — डॉक्टर! ओ डॉक्टर! बंद करा! चौथी फेरी नाही! इंजिन बंद, चावी काढा!… काढा म्हणते ना! उतरा खाली! — अहो, बॅटरीची वायर सोडवा कुणीतरी… काळी आधी, काळी! दहाचा पाना घ्या… हं. निघाली? दोन्ही?

…बाबा, झालं. सोडवली. बंद आहे सगळं… हो, मी डोळ्यांनी बघितलं… नाही, काही झालं नव्हतं. तीन फेऱ्या झाल्या, पण काही झालं नव्हतं.

हो.

हो बाबा… गाढव, हो… बिनडोक, बरोबर… फ्यूज पंपासाठी नसतो, वायरसाठी असतो. बॅटरीपासून वीतभर अंतरात. हो, तुम्ही सांगितलं होतं. तीनदा सांगितलं होतं… हो, कानात बोळे होते माझ्या… बोला ना, बोला. अजून बोला.

नाही, हसत नाहीये… बरं, हसतेय. बाबा, आठ महिन्यांत तुम्ही पहिल्यांदा ओरडलात माझ्यावर. घरात बसून, गाडी न बघता, फोनवर चूक पकडलीत! इथे सातजण बॉनेटमध्ये डोकं घालून उभे आहेत, एकालाही दिसली नाही!

ऐका ना, डॉक्टर मघापासून म्हणतायत, त्यांना तुमच्याशी बोलायचंय. माफी मागायची… नको? फोनवर नको? बरं.

तो फ्यूज मी आत्ताच पुढे घेते, पंधरा मिनिटांचं… हात लावू नको?… कशालाच नको? अहो, पण… बरं. बरं बरं, नाही लावत. मग कोण लाव—

बाबा?… हॅलो?

…ताई? अगं, फोन आपटला का त्यांनी?… मग कुठे गेले?

काय?… पायात काय घातलंय?… घरातल्याच सपाता?… शर्ट तरी?… बरं.

नको! हाक मारू नकोस. अडवू तर मुळीच नकोस… पोळी राहू दे गं, मी इथे खायला घालते त्यांना, पोटभर घालते… फाटकाच्या बाहेर पडले? कुठल्या बाजूला वळले?… इकडेच ना? रिक्षा थांबवली?… थांबवली! अगं ताई!

ठेवते… ठेवते म्हणते ना, इथे सगळ्यांना सांगायचंय.

— ओ, ऐका सगळे! ते पाने खाली ठेवा! गाडीला कुणीही हात लावायचा नाही. बाबा निघालेत.