कोरीन वास्को यादीत नव्हती

सन्माननीय अध्यक्ष डीन प्रुइट, व्यासपीठावरचे माजी विद्यार्थी संघाचे श्री. हॅल्व्हर्सन, आपल्या कॉलेजच्या सेवाबंधुमंडळाचे आजी-माजी बंधू, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या मिसेस वास्को, आपणा सर्वांना माझं अभिवादन.

एकतीस वर्षं या मंडळाचा सल्लागार म्हणून आपण मला सांभाळून घेतलंत. आत्ता माझ्याविषयी इतकं चांगलं बोललं गेलं, की हा गृहस्थ कोण, असा मलाच प्रश्न पडला. हसलात, बरं वाटलं. पुढे हसण्यासारखं काही नाही.

मुलींना सभासद करून घ्यायचं की नाही, यावर उद्या तुमचं मतदान आहे. निवृत्त माणसाने त्यात तोंड घालू नये. पण नऊ वर्षांपूर्वी याच प्रश्नावर मी मत दिलं होतं. त्याचं काय झालं, ते सांगायला नको का?

कोरीन वास्को नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. दर शनिवारी आमच्या मुलांबरोबर यायची, म्हाताऱ्यांच्या घरांची छपरं दुरुस्त करायची, रक्तदान शिबिरात राबायची. तिने सभासदत्वासाठी अर्ज केला. अकरा मतं बाजूने, अकरा विरुद्ध. निर्णायक मत माझं. मी म्हणालो, "बंधुमंडळ आहे हे. बंधू म्हणजे बंधू." टाळ्या पडल्या.

ती बाहेर जिन्यात थांबली होती. मीच जाऊन सांगितलं.

"ठीक आहे, सर," ती म्हणाली. "शनिवारी किती वाजता यायचं?"

मार्चमध्ये ओहायो नदीला पूर आला. आम्ही बांधावर वाळूच्या पिशव्या रचत होतो. दुपारी साडेतीनला शेरीफचा निरोप आला, बांध फुटतोय, माणसं काढा. बसच्या दारात उभं राहून मी सभासदांची यादी वाचली. बावीस नावं, बावीस वेळा 'हजर'.

तेवढ्यात आमच्या मुलांपैकी डॉयल म्हणाला, "सर, कोरीन दिसत नाहीये."

"ती यादीत नाही. गेली असेल आपली आपण. चढ लवकर."

ती पंपघराच्या मागे पिशव्या भरत होती. हाकेच्या अंतरावर. तिसऱ्या दिवशी सापडली.

चौकशीत मी लिहून दिलं, की ती आमच्याबरोबर नव्हती, स्वतःहून आली होती. डॉयलने विचारलं, "सर, हे खरं आहे?"

"कागदोपत्री खरं आहे," मी म्हणालो. त्याच दिवशी त्याने मंडळ सोडलं.

मिसेस वास्को, पोर हट्टाने एकटीच गेली, असं तुम्ही आजवर समजत आलात. तशी ती गेली नव्हती. सकाळी साडेसातला मीच तिला बसमध्ये घेतलं होतं. हे घरी येऊन सांगायला हवं होतं. दोनदा तुमच्या दारापर्यंत आलो आणि मागे फिरलो. डीनसाहेब, माझा खरा जबाब आज सकाळी तुमच्या कचेरीत लेखी दिला आहे. हे मानपत्र मात्र मला नेता येणार नाही.

मुलांनो, उद्या बंधुभावावर, परंपरेवर छान छान बोललं जाईल. मीही छानच बोललो होतो.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीचं घालू नका.