पोराले शौक नाई म्हून

(पांढरकवड्याजवळच्या एका तांड्यावरचे हरसिंग राठोड बोलत गेले, तसं हे लिहून घेतलं.)

आमचं मूळ कुठलं म्हणसान तर रस्त्यावरचंच. काय सांगू तुम्हाले, माह्या आज्याच्या आज्यापाशी बैलाचे कळप होते, मीठ अन् धान्य बैलाच्या पाठीवर लादून मुलूखभर फिरत, त्याले आमच्यात लदेणी म्हणतात, एका गावचा माल दुसऱ्या गावाले पोचवायचा अन् पुढं निघायचं. मंग रेल्वे आली, ट्रक आले, लदेणी बसली, अन् जिथी बैल बसले तिथीच आमचे लोक बसले, तोच हा तांडा. आता वावरं हायेत, पराटी, म्हणजे कापूस, पेरतो, तूर पेरतो, पण पायाची ती खाज काई गेली नाई. माहा बाप बैलबंडी हाके, अन् मी जीप. तांड्यातली पहिली जीप माही, हे लिहून घ्या, कोणालेही इचारा.

भाड्याची काळीपिवळी होती. तांड्यातून पांढरकवडा, पांढरकवड्याहून तांडा, दिवसाच्या चार फेऱ्या, सत्तावीस वर्षं. घरी आणली तवा माह्या याडीनं, म्हणजे मायनं, चाकावर पाणी घातलं, कुंकू लावलं, नारळ फोडलं. पोळ्याले लोक बैल सजवत अन् मी जीप सजवो, आरशाले गोंडे बांधो, बोनेटवर झूल टाको, लोक हसत, हसू द्या. सकाळी पोट्टे माह्या आधी उठून जीपभोवती उभे राहत, कोणी काच पुसे, कोणी म्हणे काका एकदा हॉर्न वाजवू द्या. देत नसो मी. त्या सीटवर मेकॅनिक सोडून कोणी बसलं नाई. माहा सख्खा भाऊ म्हणे जरा बाजारापर्यंत नेतो, मी म्हटलं बंडी ने. असा होतो मी, आता खोटं कायले बोलू.

तुम्ही आले तेच इचारत आले, का नव्या पोराईले गाडीची हौस राह्यली नाई काय. हे मीच सगळ्यात जास्त बोललो हाये बाप्पा. दहा वर्षं झाले हेच बोलून राह्यलो. आता तांड्यात नवीकोरी कार आली तरी पोट्टे मोबाईलमधून मान वर काढत नाईत. माहा पुतण्या इंजिनिअरिंग शिकला अन् त्याले स्टेपनी बदलता येत नाई. माहा अजय, एकुलता एक, अठ्ठावीस वर्षांचा हाये, जीप अन् तो एकाच साली घरात आले, पांढरकवड्यात कॉम्प्युटरच्या दुकानात लोकाईचे फॉर्म भरतो, अन् एसटीनं जाते येते. बाप जीपवाला अन् पोरगा एसटीच्या थांब्यावर उभा, मी समोरून जीप घेऊन जावो तर मले हात दाखवे, बसे मात्र नाई. मले असा राग ये का सांगता सोय नाई. मी त्याले म्हणो, अरे तुह्या पिढीच्या अंगात रक्त हाये का पाणी. तो हसे.

आता डोळ्याचं सांगतो. पाच वर्षांपूर्वी डाव्या डोळ्यानं धुकं दिसाले लागलं. मले वाटलं मोतीबिंदू असन, कापसाची वेचणी झाली का ऑपरेशन करू, मंग वाटलं लग्नसराई होऊ दे, अन् असं करत करत एक दिवस उजवा डोळा झाकून पाह्यलं तर काईच नाई. काई म्हणजे काईच. जीपमध्ये बसलो होतो, पाण्याची टाकी समोर होती, ती गेली. उजवा उघडला, टाकी आली. मी चार वेळा झाकलं अन् चार वेळा उघडलं. मंग जीप चालू केली अन् फेरीवर गेलो. हे लक्षात ठेवा तुम्ही, मले माहीत होतं अन् मी गेलो.

घरी फक्त बायकोले सांगतलं, शांतीले. ती लय रडली, म्हणे सोडा. मी म्हटलं सोडून कोणाले देऊ, तुह्या पोराले शौक हाये काय. मंग तीच म्हणे, का मी तुमच्या बाजूले बसते. लोकाईले सांगतलं बाई सुटे पैसे घ्याले येते. अन् ती डाव्या सीटवर बसून डावीकडचं सगळं सांगे, पण आमच्या बंजाऱ्याच्या गोरबोलीत, म्हणजे बसणाऱ्या लोकाईले कळू नये; तांड्यातले लोक सकाळीच वावरात जात, गाडीत बसणारे सारे रस्त्यावरच्या गावाचे. गावडी म्हणे, म्हणजे गाय. बळद म्हणे, म्हणजे बैल. छोरा म्हणजे पोरगं. नुसते शब्द, एकामागं एक. मी त्या शब्दावर स्टेअरिंग धरो. लोकाईले वाटे म्हातारी नवऱ्याशी भांडून राह्यली, कोणी म्हणे काकू आता पुरे करा न, बिचारा गाडी चालवून राह्यला. आम्ही दोघंही हसो. दोन वर्षं चालवलं असं. काई झालं नाई. काई झालं नाई म्हून मले वाटाले लागलं का काई होतच नाई.

मंग तो दिवस आला. कापूस वेचणीचे दिवस होते. शांतीचा घसा आदल्या दिवशीच बसला होता, आवाजच निघत नव्हता, सकाळी तिनं माहा हात धरला, खुणेनंच म्हणे आज नका जाऊ. मी म्हटलं बोलता येत नाई तर गुडघ्यावर हात मार, डावीकडं काई दिसलं का मार, तेवढं मले कळते. अन् निघालो. गाडीत चौदा माणसं. वेचणीच्या बाया, शाळेचे चार लेकरं, अन् माह्या बरोबर मागं ती नवी सिस्टर, आरोग्य केंद्रात आठ दिवसांपूर्वी बदलून आलेली, पूजा नाव तिचं, पंजाबी ड्रेसवाली, शुद्ध मराठी बोले. पांढरकवड्याले मिटिंग राहे तिची, का कायचं ट्रेनिंग होतं, रोज येऊन राह्यली होती.

पहिले आठ किलोमीटर बरे गेले. शांती हात मारे, मी ब्रेक दाबो. पण नाल्याच्या अलीकडं वळण हाये, दोन्हीकडून पराटी रस्त्यावर आलेली, समोरून कापसाचा ट्रॅक्टर आला, उंच भरलेला, रस्ता सगळा त्याचाच. मी डावीकडं घेतलं. घ्याच लागन न. अन् तवाच शांतीले खोकला आला, अशी वाकली ती, दोन्ही हात तोंडावर, माह्या गुडघ्यावर काईच नाई. मले वाटलं हात नाई म्हणजे रस्ता मोकळा हाये. मी अजून डावीकडं घेतलं.

मागून आवाज आला. छोरा, छोरा, छोरा. आमच्या बोलीत.

पाय कसा ब्रेकवर गेला मले माहीत नाई. गाडी अशी थांबली का बाया एकमेकीवर पडल्या. मी मान पूर्ण फिरवली तवा मले दिसलं, सायकलवर पोट्टा, सात-आठ वर्षांचा, दप्तर पाठीवर, माह्या बंपरले त्याची चड्डी घासून जाईन इतका जवळ. त्यानं मागं वळूनही नाई पाह्यलं, पायडल मारत गेला निघून. त्याले आजही माहीत नसन.

मागून ती सिस्टर बोलाले लागली, आमच्याच बोलीत, हळू, म्हणजे दुसऱ्या कोणाले कळू नये. म्हणे मी उमरखेडकडच्या तांड्याची हाये काका. पहिल्या दिवशी वाटलं काकू अशाच बडबडतात. तिसऱ्या दिवशी समजलं. तवापासून मी रोज डाव्या अंगाले पाहत बसते, मोबाईलसुद्धा नाई काढला. मी इंजिन बंद केलं. ती म्हणे, आता सगळ्याईले उतरवा.

मी लोकाईले सांगतलं इंजिन गरम झालं, उतरा, एसटी येऊन राह्यली मागून. लोक कुरकुर करत उतरले, पळसाखाली उभे राह्यले, लेकराईची शाळा बुडाली त्या दिवशी. ती पोरगी मात्र माह्या खिडकीपाशी येऊन उभी. मले राग आला, खरं सांगतो, लाज नाई आली, आधी राग आला. सत्तावीस वर्षांत एक ओरखडा नाई माह्या गाडीले, अन् ही कालची पोट्टी मले शिकवे. मी म्हटलं तुम्हा आजकालच्या पोराईले गाडीतलं काय समजते, तुम्हाले हौस नाई, तुम्हाले जीव नाई लागत कायलेच. ती म्हणे, हाव काका, मले गाडीतलं काई समजत नाई, मले बसून घरी पोचणं समजते, बस. अन् मंग म्हणे, उद्या तुम्ही या सीटवर दिसले तर मी थांब्यावर उभी राहून सगळ्याईले सांगन. आज नाई सांगत, आजचा दिवस तुम्हाले देते. माह्या पोरापेक्षा लहान असन.

ट्रॅक्टरले बांधून जीप घरी आणली. संध्याकाळी अजय आला तवा मी अंगणात चावी घेऊन बसलो होतो. त्याच्या मायनं त्याले सगळं सांगून टाकलं होतं. मी चावी पुढं केली, म्हटलं उद्यापासून तू ने. त्यानं चावी घेतली नाई. मी म्हटलं तुले शौकच नाई तर काय बोलायचं. तवा तो बोलला, जनमभरात पह्यल्यांदा असा बोलला. म्हणे, होता न बाबा शौक. मी नऊ वर्षांचा असताना या सीटवर बसलो होतो, स्टेअरिंग धरून तोंडानं आवाज काढत होतो, तुम्ही मले कॉलर धरून खाली फेकलं, सगळ्या पोट्ट्याईसमोर, म्हणे हिले हात लावशीन तर हात तोडन. त्या दिवसापासून नाई लावला. मी रागानं नाई सांगून राह्यलो, म्हणे, आता खरंच वाटत नाई काई तिच्याकडं पाहून. इतकं बोलून त्यानं माह्या पायापाशी बसून आपले बूट काढले अन् आत गेला.

मले ते आठवत नव्हतं. खूप आठवलं, नाई आठवलं. पण मी तसं केलं असन, हे मले माहीत होतं.

आता पुढचं ऐका, यासाठीच तुम्हाले बसवलं. दुसऱ्या दिवशी जीप निघाली नाई तर तांडा गोळा झाला, रस्त्यावरच्या गावाहून लेकराईच्या माया आल्या, वेचणीच्या बाया आल्या, सगळे इचारत, काका जीप काहून बंद. अन् माह्या तोंडातून निघालं, का माहं आता वय झालं, अन् पोराले शौक नाई म्हून. असं सहज निघालं ते, दहा वर्षांची सवय होती न जिभेले. मले वाटलं चार दिवसाची गोष्ट हाये. पण नायकानं अजयले ओट्यावर बोलावलं, आमच्यात नायक म्हणजे तांड्याचा मोठा माणूस, त्याचा शब्द चालते. सगळ्या तांड्यासमोर त्यानं माह्या पोराले झाडलं. म्हणे बापानं रक्त आटवलं अन् तुले एसटीत बसाले लाज नाई वाटत, तुमच्या पिढीनं लदेणीचं नाव बुडवलं. मी तिथीच बसलो होतो. अजयनं एकदा माह्याकडं पाह्यलं. मी खाली पाह्यलं. तो म्हणे, हाव नायक, मले नाई जमत. अन् गेला.

सिस्टरनंच मंग यवतमाळले डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं मले, काचबिंदू निघाला, डावा गेला तो गेला, उजवा थेंबावर टिकून हाये, सकाळ-संध्याकाळ शांती टाकते. जीप आवारात उभी हाये, कोंबड्या बसतात खाली. तिच्यावर माहा जीव हाये अजूनही, नाई कसा म्हणू. पण गेल्या दिवाळीत शेजारचं लेकरू अजयले म्हणे, तूच न तुह्या बापाची जीप बंद पाडली. पाच वर्षांचं लेकरू, मोठ्याईचं ऐकूनच बोलन न ते. अजयनं त्याच्या हातावर अनारसा ठेवला. मी ताट तसंच सारून उठलो त्या दिवशी.

दीड वर्ष झालं. रोज ठरवतो अन् रोज जीभ उचलत नाई. एकदा नायकाच्या दारापर्यंत गेलतो, पाऊसपाण्याचं बोलून परत आलो. म्हून तुम्ही आले तवा म्हटलं, बसा, तुम्हाले सांगतो, कागदावर तरी येऊ दे. लिहा का जीप अजयनं नाई, हरसिंगनं बंद पाडली. लिहा का त्याले एक डोळा नव्हता अन् चौदा माणसं बसवून तो रस्त्यावर होता. पोराचं नाव घालून लिहा. माहं पोरगं सुखी राहो, त्या पोरीले औक्ष लाभो, अन् तो सायकलवाला जिथी असन तिथी मोठा होवो.

लिहून झालं का येत्या रविवारी इकडं या, अन् नायकाच्या ओट्यावर हे मोठ्यानं वाचा. अजयले रविवारी सुट्टी राहते. मी तिथीच बसीन, समोर, सगळं वाचून होईपर्यंत उठणार नाई.