आधी पाळणा, मंग पैसा

...अन् तो पाळणा कितीले पडला हे तेवढं विचारू नका बायांनो! जे येते ते आधी पाळण्याले हात लावते, मंग नातीचं तोंड पाहते, अन् तिसरं हेच विचारते, "कितीले घेतला वं साधनाबाई?" आता काय सांगू? पैशाचं सांगू का बाकीचं सांगू? बसा, कुंकू लावून घ्या, घुगऱ्या घ्या, पोरीची आत्या मूल गावाहून निघाली म्हणते, ती आल्याबिगर नाव ठेवणं होत नाई... तवर सांगते.

सारं त्या निकेशमुळं! माझा पोरगा, पुण्यात कंपनीत हाये, त्यानं फोनवर मले वसा देला. हसू नका वं, वसाच तो! सोमवारचा वसा, संकष्टीचा वसा, तसा हा मोबाईलचा. म्हणते कसा, "आई, ऑनलाईन जुनी वस्तू घ्यायची ना, तर आधी डोळ्यांनी बघायची, हात लावायचा, मग पैसे. ॲडव्हान्स एक रुपया द्यायचा नाही. एकटीनं जायचं नाही, दिवसा जायचं. आणि पैसे यायला पिन लागत नाही, पैसे जायलाच पिन लागतो, हे भिंतीवर लिहून ठेव!" मी भिंतीवर नाई लिहिलं, पोथीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं : आधी पाळणा, मंग पैसा. आरती झाली का रोज वाचून राह्यली!

तुम्ही म्हणसान, जुना पाळणा काऊन? पोंभुर्ण्यात नवे मिळत नाईत का? मिळतात नं, जाळीचे, स्प्रिंगवाले, बटण दाबलं का गाणं म्हणणारे... पण माझा नवस होता. आमच्या लेकीच्या, करिष्माच्या लग्नाले आठ वर्षं झाले, दोनदा दिवस राह्यले अन् दोनदा गेले, हे तुम्हाले माहीत हाये, तुमच्याच खांद्यावर रडली मी. तवा चांद्याच्या महाकाली मायपुढं पदर पसरला होता, माय, हिची कूस उजवू दे, पाच लेकरं ज्यात वाढले असन अशा पाळण्यात तुझं लेकरू घालीन. मायनं ऐकलं. पोरगी झाली. अन् आमच्या यायनं, म्हणजे घरधन्यानं, डोक्याले हात लावला! "नवसात पेढे बोलता येत नव्हते का तुले? पाच किलो पेढे असते तं आत्ता दुकानातून आणले असते. वापरलेला पाळणा कोन्या दुकानात मिळते?" आमच्या घरचा होता, तो वाळवीनं खाल्ला. बारशाले राह्यले पाच-सहा दिवस. मंग करिष्मानंच बाजेवर पडल्या पडल्या फोनमध्ये शोधला, अन् पहिला फोन कोणाले लागला? फौजीले!

"माताजी, मैं आर्मी से बोल रहा हूँ, मेरा ट्रान्सफर हो गया, पालना देना है, आप बस दो हजार टोकन डालो, नहीं तो दूसरी पार्टी ले जाएगी." बाप्पा! फौजी म्हटल्यावर मी तं उभीच राह्यली. बसून कसं बोलायचं? पण वरून मार्गशीर्षाचा गुरुवार, आमच्या घरची लक्ष्मी गुरुवारी उंबऱ्याबाहेर जात नाई. मी म्हटलं, "भाऊ, पैशाचं उद्या पाहू जी, आधी मले सांगा, तुमच्या पाळण्यात किती लेकरं वाढले?" तो म्हणते, "माताजी, एकदम नया है! एक भी बच्चा नहीं सोया, गॅरंटी!"

आता करा! मी म्हटलं, मंग नाई जमत. फोन ठेवला. दहा मिनिटानं पुन्हा तोच, "माताजी, गलती हो गई, सोये हैं, पाँच सोये हैं!" मी म्हटलं, नावं सांगा. "राजू... सोनू... मोनू... पिंकी... और राजू." दोन राजू? "बडा राजू, छोटा राजू, माताजी! आप ये कोड स्कॅन करो, पिन डालो, टोकन का पैसा वापस आपके खाते में आएगा." मी देलेच नाई तं वापस कसे येतीन वं? अन् यायले पिन कशाले? पोथीचा पुठ्ठा समोरच होता. मी म्हटलं, "भाऊ, माझ्या घरी वसा हाये, आधी पाळणा, मंग पैसा. पण तुमच्या घरी पाच लेकरं खरंच असन तं त्यायले माझा आशीर्वाद सांगा, अन् तुमच्या मायले नमस्कार." काय झालं देव जाणे, त्यानं कोडाचं नावच सोडलं. मंग हळूच म्हणते, "जी, बोल दूँगा." अन् फोन बंद! करिष्मा हसू हसू टाके धरून बसली. मले मात्र वाईट वाटलं, कोणाचा तरी पोरगाच तो.

दुसरा फोन वडश्याचा. बायनाबाई म्हणून म्हातारी, एकटी राहते, तिच्या पोरानं, रोशननं, नागपुरात बसून पाळण्याचा फोटो टाकला होता. मी तेच विचारलं, अन् बाईनं एका दमात सांगितलं, "वारलू, मंगली, कमळा, मंग एक, मंग जंगू, मंग रोशन." बस! ना टोकन, ना कोड. "मंग एक" म्हणाली तवा माझ्या कानाले लागलं, पण म्हटलं, म्हातारं माणूस, नाव इसरली असंन. तुम्हीच सांगा, सहा लेकरं झाल्यावर एखादं नाव मागंपुढं होते का नाई?

शुक्रवारी सकाळीच पिकअप केली. आमचे हे इतक्या सहज काऊन तयार झाले? वडसा! झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं गाव, अन् वरून नाटकाचा मोसम! मूल गेलं, सिंदेवाही गेलं, ब्रह्मपुरी गेली, यायच्या तोंडून पाळण्याचं नाव नाई, "यंदा कोणती कंपनी जोरात हाये" हेच गाडीवाल्याले विचारून राह्यले. वैनगंगेचा पूल आला तशी मी नदीले पैसा टाकला, अन् ध्यानात आलं का घरून काढून ठेवलेला वरवंटा ओट्यावरच राह्यला! रिकामा पाळणा हालू देत नाईत नं आपल्यात, म्हणून वाटेनं त्यात वरवंटा निजवून आणणार होती. हे म्हणाले, "वरवंटा इसरलीस, मले कशी नाई इसरत?"

पण पाळणा काय सांगू बायांनो! सागवानाचा, चार कोपऱ्याले चार राघू, एका राघूची चोच कोण्या लेकरानं चावून चावून सपाट केलेली. मी कडी ओढून पाह्यली, तळाले बोटं फिरवले, वाळवी नाई, खिळा नाई. निकेशचा सारा वसा पाळला! अन् यायनं फोन काढला तशी बायनाबाई म्हणाली, "थांबा जी. पैसे घ्यायच्या आधी एक सांगते म्हणत होती, मंग सांगून काही कामाचं नाई. यात सहा निजले, वाढले पाच. चौथा दीड महिन्याचा होऊन गेला. यातच गेला. रोशन म्हणत होता, सांगू नको आई, कोणी घेणार नाई. पण तू बारशाले नेऊन राह्यली. नको असंन तं नको म्हण, चहा पिऊन जाय, माझा राग नाई."

"मंग एक" म्हणजे तो.

यायनं माझ्याकडं पाह्यलं. मी पाळण्याकडं. खोटं काऊन बोलू? एकदा वाटलं, उलट पावली जावं. करिष्मा घरी वाट पाहून राह्यली, तिचे दोन तं पाळण्यापर्यंत आलेच नाईत... अन् ही बाई, पैसा समोर असून, स्वतःच्या तोंडानं सांगते! त्या फौजीनं न जन्मलेले पाच मोजून देले, अन् हिनं गेलेला एक लपवला नाई. मी मनात मायले विचारलं, माय, पाच वाढलेले म्हटले होते, पाच हायेत का? हायेत. मंग जो गेला त्याचं काय? त्याचं काय... त्याची बी कोणी आठवण ठेवली पाहिजे का नाई? मी म्हटलं, "बाई, घेतला."

म्हातारीनं पदर डोळ्याले लावला. अन् तिथून खरा तमाशा सुरू!

बायनाबाई म्हणते, "माझ्या रोशननं सांगितलं, पैसे आले असं मी म्हटल्यावरच पाळणा सोड, फोनमधला फोटो कोणी बी दाखवते." मी म्हटलं, माझ्या निकेशनं सांगितलं, आधी पाळणा, मंग पैसा! ती हटत नाई, मी हटत नाई. शेवटी हिनं रोशनले फोन लावला, मी निकेशले, अन् दोघांचे आवाज मोठे केले. "काकू, आधी ट्रान्सफर करा." "नाही, आधी पाळणा गाडीत चढू द्या." "चढवून तुम्ही निघून गेलात तर?" "पैसे घेऊन तुम्ही नाही म्हणालात तर?" हात दुखले आमचे फोन धरून धरून, तं आम्ही दोन्ही फोन ठेवले पाळण्यात, एक उशाले, एक पायथ्याले. पाळण्यातून दोन बाप्ये भांडून राह्यले! अन् बायनाबाईनं काय करावं? सवयीनं दोरी धरली अन् झोका देला, "ओ ओ ओ... निजा रे लेकरांहो, निजा..." तिकडं नागपूर गप्प, पुणे गप्प. मंग निकेश हळूच म्हणते, "आई... कोण आहेत गं त्या?"

भांडण तिथंच मिटलं. निकेशनं युक्ती सांगितली, आधी एक रुपया पाठवा, नाव नीट पाहा. यायनं एक रुपया टाकला, रोशनचं नाव आलं, रोशन म्हणाला, "आला." मंग ठरलेले साडेतीन हजार टाकले, रोशन म्हणाला, "आले, आई, सोड." असे झाले तीन हजार पाचशे एक. शगुनाचा आकडा आपोआप जमला! मी मायले तिथूनच हात जोडले.

पाळणा गाडीत चढला, दोरानं कसला, तरी बी हाललाच. रिकामा! माझा जीव खाली-वर. बायनाबाई म्हणाली, "थांब, काही तरी निजवू त्यात." आत गेली अन् गाठोडं घेऊन आली, लुगड्यात बांधलेलं, चांगलं भरलेलं, अन् ठेवलं पाळण्यात. बरं झालं बाई, म्हटलं, गाठोडं परत पाठवून देईन. तशी म्हणते, "त्यात माझे लुगडे हायेत. ते एकटे कसे जातीन?" अन् चप्पल घालून समोरच्या सीटवर जाऊन बसली! आमचे हे मागं, पाळण्याजवळ, राघूले धरून. अन् ब्रह्मपुरी गेल्यावर मले उमजलं बायांनो, लुगड्यात बांधाले तिले मिनिट बी लागला नव्हता. गाठोडं आधीच बांधलेलं होतं!

दुसऱ्या दिवशी रोशनचा फोन आला, घाबरलेला, "काकू, आई तुमच्या इथं आहे का?" मी म्हटलं, हाये बाबा, सुखरूप हाये, नातीले तेल लावून राह्यली. तो म्हणते, "काकू, ती एकटी राहायला लागल्यापासून, तीन वर्षं नीट जेवत नव्हती." काल दोन भाकरी खाल्ल्या तिनं... मोजत नाई मी, सांगून राह्यली.

आज पाचवा दिवस. बारशापुरती आली म्हणते. माझी सासू जाऊन बारा वर्षं झाले, घरात मले कोणी शब्द बोलत नव्हतं, आता सकाळी उठल्याबरोबर, "साधना, चहात साखर काऊन कमी? साधना, लेकराची टोपी कुठी? उपास एवढे काऊन करते, हाडं राह्यले तुझे!" निकेशले सांगितलं तं तो हसते, "आई, तुला सांगितलं होतं ना, सगळं आधी बघून घ्यायचं म्हणून." अरे, पाह्यलं नं मी! पाळणा पाह्यला, चोच पाह्यली, कडी पाह्यली, एक रुपया टाकून नाव बी पाह्यलं. आधी पाळणा, मंग पैसा, इथवर वसा बरोबर पाळला. पैशानंतर सासू येते हे पोथीत कुठीच नव्हतं!

...हो जी, आली आली! चहात साखर टाकली जी, दोन चमचे टाकली!