टॉवेल-टोपीचा मान

लातूरच्या स्थानकात निलंग्याची गाडी अजून लागली नव्हती. तिची वाट बघत बसलेल्या पंचशीलाबाईंच्या मागच्या बाकावर एका म्हाताऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. तो नांदेडहून परतला होता, अन् लेकीकडं लातुरातच थांबलेली बायको ऐकून घेत होती.

"चाळीस वर्षांनी दोस्ताच्या घरी गेलो, तर त्यानं टॉवेल-टोपीचा आहेर केला! म्या काय त्याचा व्याही हाय?"

"मान केला की तुमचा."

"आग लाव त्या मानाला! बोर्डिंगात एका ताटात जेवलो आम्ही. आता म्हणतोय, 'या अमृतराव, बसा अमृतराव.'"

"मोठा माणूस झाला त्यो."

"गोदावरीवर जाऊ म्हणलं, जिथं दोघं पवायला शिकलो. तर गाडी अन् ड्रायव्हर दिला, सोता न्हाई उठला. ड्रायव्हरसंगं काय घाट बघायचा?"

"माझ्यापुढं लई तोंड चालतंय. तिथं म्हणायचं की, 'ऊठ शिवप्या, चल.'"

म्हातारा पिशवीचे बंद आवळू लागला.

"म्हणलात का?"

"न्हाई."

"मग काय म्हणलात?"

"म्हणलो, 'साहेब, तुम्ही कशाला तसदी घेता.'"