गालिच्याखालचा शंख

तिथंच थांब. फरशी ओली आहे, घसरशील, कडेवर पोर आहे तुझ्या. बाकावर बस हवं तर, पण चपला बाहेर— काढल्यास? बरं. आणि आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझाही वेळ जायला नको: रविवारी कुंडात पाणी मी ओतणार नाही. माहितीये मला आपल्या मंडळीची रीत— बाळाच्या घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईने पाणी ओतायचं, मग पाळकसाहेबांनी बाप्तिस्मा द्यायचा. या चर्चची झाडलोट मी करते, कुंड मी घासते, कुणाच्या आजीचा हात थरथरला आणि किती सांडलं तेही मीच पुसते. मला नको सांगूस रीत. त्याने पाठवलं ना तुला? स्वतः नाही आला. कॉलेजात शंभर पोरांसमोर तोंड चालतं, आईसमोर मात्र बायकोला पुढे करायचं. — आपणहून आलीस? त्याला माहीत नाही? हं. मग तर आणखीच शहाणी आहेस.

काय बिनसलंय म्हणून विचारतेस होय. तू होतीस की त्या दिवशी तरुणांच्या सभेला. त्या खांबापाशी उभा राहून बोलला— माणूस आधीच्या जनावरांतून होत होत आला, लाखो वर्षं लागली, आणि देवानेच तसं घडवलं, दोन्ही खरं आहे, मला कुठे अडत नाही. अडत नाही म्हणे. मला अडतं ना. मी उभा जन्म रविवारच्या शाळेत देवाने जग घडवलं ते सहा दिवस शिकवले, पुठ्ठ्याची चित्रं कापून— पहिल्या दिवशी उजेड, शेवटी माणूस— आणि माणसाचं चित्र भिंतीवर लावायला हाच धावायचा, दुसऱ्या कुणाला दिलं तर भोकाड पसरायचा. तोच आता म्हणतो, आई, ते दिवस म्हणजे आपले दिवस नव्हेत, ती सांगायची एक पद्धत आहे. मग माणूस घडवला ती माती? तीही पद्धत? आदाम? तोही? एकदा उसवायला घेतलं की थांबायचं कुठे, ते सांग मला. उद्या कुणी म्हणेल, येशूची कबर रिकामी सापडली तीही सांगायचीच पद्धत. तो म्हणतो, नाही, तिथे मी थांबतो, ते घडलं. का थांबतो? तिथेच थांब असं कुणी सांगितलं त्याला?

नास्तिक झाला असता ना, तर परवडलं असतं. खरंच सांगते. आपल्याकडे किती जणांची पोरं झाली. आया गुडघ्यावर बसतात, रडतात, बाकीच्या बायका पाठीवर हात फिरवतात, काही एक करता तरी येतं. मी काय करू? हा दर रविवारी येतो, माझ्या पुढच्या बाकावर बसतो, डोळे मिटून प्रार्थना करतो— आणि मी बघते, मी चोरून बघते— माझं लक्ष दिव्यांच्या काजळीकडे, कोण उशिरा आलं तिकडे, आणि याचा चेहरा असा, की आत खरंच कुणीतरी बोलतंय याच्याशी. तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या. माकडाचा वंशज म्हणवून घेतो आणि प्रार्थना माझ्याहून चांगली करतो. परत ये म्हणून देवाकडे मागणं तरी कसं मागू? गेलेलाच नाही तो कुठे.

काय बघतेस तिथे? गालिचा धुतलाय, बाहेर वाळतोय. एरवी असतो कुंडासमोर. हो, शंख आहे तो, दगडातला. ओलं असलं की जास्त उठून दिसतं. फरशीच तसली बसवली कुणीतरी, मला काय विचारून बसवली? लहानपणी तो तिथे पालथा पडायचा, प्रवचन चालू असायचं आणि हा बोट फिरवत त्या वेटोळ्यावरून. आई, हा इथे कसा आला? म्हटलं, जलप्रलयात वाहून आला. मग दगडाच्या आत कसा शिरला? म्हटलं, गप्प बस. तिथून सुरू झालं सगळं, पोरी. कॉलेजातून नाही, पुस्तकातून नाही— माझ्याच फरशीवरून, मीच पुसलेल्या.

खोलगट? असेल. लोक गुडघे टेकतात, झिजते फरशी. — नाही, बाकी कुठे झिजली नाहीये, दिसतंय मलाही, डोळे आहेत मला. बरं, मी घासली. झालं समाधान? त्या सभेनंतर फरशी पॉलिश करणाऱ्याकडून घासायचा दगड मागून आणला, दुपारी दार लावून घेतलं आणि बसले घासत. म्हटलं, राहायलाच नको ते. मनगटं सुजली. वरचं वेटोळं पुसट झालं, गेलंच म्हण— आणि त्याच्याखालून दुसरा निघाला. लहानसा, पहिल्यापेक्षा स्वच्छ. रेघ अन् रेघ मोजून घ्यावी असा. तिथेच बसून राहिले मी. मंडळीतले थोरले भाऊ म्हणतात, असले शंख देवानेच ठेवलेत, आपला विश्वास पारखायला. असेल. पण फरशीच्या पोटात? मी घासलं नसतं तर जगाच्या अंतापर्यंत कुणाच्या दृष्टीस पडला नसता, मग पारखणार कुणाला? आणि पालथ्या पडलेल्या लेकराला फसवायला देव कशाला— मी शिकवलंय पोरांना, देव खोटं बोलत नाही. पहिल्याच इयत्तेला शिकवते मी ते.

मी काय म्हणाले? काही नाही म्हणाले. त्याला जाऊन सांगशील तर बघ. तुझं हे गप्प बसून ऐकणं आहे ना, ते त्याच्यासारखंच आहे. माणूस नको ते बोलून बसतो. आणि लेकीला खाली नको सोडूस, फरशी गार आहे. — नाक त्याचं आहे. दिसतंय, सांगायला नको.

पाणी ओतणार नाही म्हणजे नाही. तुझ्या आईला सांग, तिला मिरवायची हौस आहे. मी फक्त कोमट करून ठेवीन. माझ्या सासूबाईंनी त्याच्या वेळी गारच ओतलं होतं, रात्रभर कण्हत होता, मी छातीशी धरून बसले होते. कोमट करून कुंडाशेजारी ठेवीन आणि मागच्या दाराने निघून जाईन. नीघ आता, मला अजून बाक पुसायचेत. आणि जाताना बाहेरून तो गालिचा आण— नको, राहू दे. हात नको लावूस. फरशी वाळायची आहे. रविवारपर्यंत वाळायची नाही ती, गालिचा बाहेरच राहील. जा.